नावाड्याचे खालचे दात

मला वाईट दात बघवत नाहीत. याला कुणी घमेंड म्हणा, कुणी धंद्याचा रोग म्हणा. पण समोरचा माणूस बोलायला लागला की मी आधी त्याच्या तोंडात बघते आणि मग, वेळ उरला तर, डोळ्यांत. मी आत्याच्या लॅबमध्ये दात करते. डॉक्टरांकडून जबड्याचा ठसा येतो, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणाचा दात कोरतो, मग खरा करतो आणि डबीत घालून परत पाठवतो. ज्याचा दात त्याचं तोंड आम्हाला कधीच दिसत नाही. तरी हा माणूस झोपेत दात खातो, हा पाईप ओढतो, हा एकाच बाजूने चावतो, हे आत्या नुसत्या ठशावरून सांगते. वर हळूच म्हणते, "घरात भांडत असणार मेला."

अशा आत्याच्या हाताखाली तयार झालेल्या बाईने 'सात धक्के' खेळायला घेतलं, तेव्हा पुढचं सगळं होणारच होतं. हा एक जुना व्हिडिओ गेम. खाडीकाठचं गाव, सात धक्के, आणि तुम्ही टपालवाले. एक नावाडी तुम्हाला या धक्क्यावरून त्या धक्क्यावर सोडतो. प्रत्येक वेळी तुम्ही धक्क्यावर आलात की तो पुटपुटतो, "थांबलो होतो तुझ्यासाठी." पहिल्या दिवशी गोड वाटतं. हजाराव्या वेळी माणूस बटण दाबून पुढे जातो. मीही दाबायचे.

पण त्या गावातल्या दोनशे बारा माणसांच्या तोंडात दातच नव्हते हो! दातांच्या जागी एक सलग पांढरी पट्टी. म्हाताऱ्याला तीच, नवऱ्या मुलीला तीच. गेम करणाऱ्यांनी पाण्याच्या प्रत्येक लाटेला वेगळा फेस दिला होता आणि माणसांच्या तोंडात बाथरूमची टाइल बसवून मोकळे झाले होते. मी दोन वर्षं सहन केलं. मग मॉड करायला बसले.

मॉड म्हणजे गेमच्या चाहत्यांनी आपल्या हौसेने गेममध्ये घातलेली भर. कुणी नवी बोट घालतं, कुणी मांजरांना टोप्या. मी दात घातले. चौदा महिने, लॅब उघडायच्या आधी रोज दीड तास, दोनशे बारा तोंडं. आत्या चहाचा कप घेऊन मागे उभी राहायची आणि सूचना करायची. "बेकरीवालीच्या दाढा किडव. दिवसभर साखर चाखते ती." नावाड्याचे खालचे दात मी डावीकडे झिजवले, कारण तो पाईप त्या बाजूला धरतो. मॉडवर मी माझं टोपणनाव घातलं, 'सुळा', आणि तो सगळ्यांना फुकट देऊन टाकला.

चाळीस हजार लोकांनी उतरवून घेतला. "भारी!", "मस्त!", "हाहाहा दात!" असे ढिगाने शेरे आले. झिजलेला दात फक्त एकाने पाहिला. त्याने लिहिलं, "नावाड्याचे खालचे डावे. पाईप?" मी खुर्चीतून उठून लॅबभर नाचले. आत्याने प्लास्टरची बादली बाजूला ओढून घेतली.

हा एक जण म्हणजे बिजागरी. हेही टोपणनावच. माझे दात उभे होते ते याच्या मॉडवर. मूळ गेममध्ये माणसं बोलताना तोंड नुसतं उघडायची आणि मिटायची. याने त्यांना जबडा दिला. आवाज येईल तसे ओठ हलणार, जीभ वळणार. हा जबडा नसता तर माझे दात बसणार कशावर? गेली पाच वर्षं आम्ही रोज सकाळी एकमेकांना लिहायचो. कपाटांना दारं बसवायचं काम करतो, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं. फोनवर मात्र तो कधी आला नाही. "आवडत नाही," म्हणायचा. मी त्याला शिष्ट म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर थोडी रागवायचेही. पण माझं काम जगात नीट बघणारा तो एकच होता. आत्या बघायची, पण ती चुका बघायची.

आणि मग एका सकाळी कंपनीने जाहीर केलं: यापुढे ज्याला हवं त्याने आपल्या मॉडला किंमत लावावी.

आमच्या कट्ट्यावर, म्हणजे या गेमच्या लोकांची इंटरनेटवर जिथे बैठक भरते तिथे, आग लागली. "हौसेचे पैसे?" "आई स्वयंपाकाचे पैसे मागते का?" त्याखाली लगेच, "आमची म्हणते मागायला हवेत." एकाने लिहिलं की उद्या धक्क्यावर उतरायलाही तिकीट लावाल. मांजरांना टोप्या घालणाऱ्याने टोपीची किंमत सबंध गेमच्या तिप्पट लावली आणि वर "कारागिरी आहे" असं ठणकावलं. दोन सख्खे भाऊ एका घरात बसून, दोन खोल्यांतून, कट्ट्यावर भांडत होते. मला इतकी मजा येत होती की माझी दाढ करपली. म्हणजे गिऱ्हाइकाची.

"तू लाव किंमत," आत्या म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"चौदा महिने राबलीस. मी कुणाला फुकट दात देते का? मग तू का द्यावेस? लाव."

मी लावली. फार नाही, कपभर कॉफीएवढी. पैशांसाठी नाही लावली हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. माझ्या कामाला कुणीतरी काम म्हणावं, एवढंच होतं. बिजागरीला मी आदल्या दिवशी सांगितलं नाही. तो समजूनच घेईल, असं मी धरून चालले.

रविवारी सकाळी अकरा वाजता किंमत लावलेला माझा मॉड कट्ट्यावर चढला. अकरा वाजून दोन मिनिटांनी दोनशे बारा माणसांचे दात तोंडाबाहेर पडले.

पडले म्हणजे खाली नाही पडले. हवेत तरंगायला लागले. नावाडी वल्ही मारतोय आणि त्याची बत्तिशी वीतभर पुढे, जणू त्याला वाट दाखवतेय. बेकरीवाली दुकानात गेली, दार लागलं, दात बाहेरच राहिले आणि काचेवर टकटक करायला लागले. मास्तरीणबाई वळल्या की त्यांचे दात आधी वळायचे. गावात एक लग्न लागत होतं. तिथे साठ पाहुणे एका बाजूला, साठ बत्तिशा दुसऱ्या बाजूला, आणि हसत होत्या फक्त बत्तिशा. आत्या इतकी हसली, इतकी हसली, की तिची स्वतःची कवळी, तिने स्वतः केलेली, निघून टेबलावर आली. ती तिने शांतपणे धुऊन परत बसवली आणि पुन्हा हसायला लागली.

कट्टा आधी चिडला आणि मग वेडा झाला. लोक मासे पकडायच्या जाळ्याने दात पकडायला लागले. जास्त कोण पकडतो याच्या शर्यती लागल्या. ते भांडणारे दोन भाऊ एका खोलीत बसून एका जाळ्याने पकडत होते, असं कळलं.

मी मात्र हसू शकत नव्हते. मी बिजागरीला लिहिलं, "हे तू केलंस. जळलास तू माझ्यावर." असं काहीबाही बरंच लिहिलं. राग आला की माझी बोटं थांबत नाहीत.

त्याचं उत्तर आलं. "जबड्याबरोबरची फाइल वाचलीस का?"

दर मॉडबरोबर 'आधी हे वाचा' नावाची एक फाइल असते. ती जगात कुणीही वाचत नाही. मी पाच वर्षांनी उघडली. आत तीनच ओळी होत्या. हा जबडा फुकट आहे. याच्यावर बसलेल्या कशालाही किंमत लागली, तर तो आपोआप निखळेल. एकदा निखळला की परत बसवायचा की नाही, ते मी ठरवीन.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यामुळे आणखीच राग आला. "एकदा तरी फोनवर ये," मी लिहिलं. "भांडायचंय ते तोंडाने भांड."

बऱ्याच वेळाने उत्तर. "उद्या जेवणाच्या सुट्टीत. कॅमेरा चालू ठेव. उजेड तोंडावर घे. पाठीमागे खिडकी नको."

नखरे बघा, मी म्हटलं, पासपोर्टचा फोटो काढायचाय याला! पण पॉलिशच्या टेबलावरचा दिवा ओढून मी तोंडावर घेतला. पडद्यावर चाळिशीचा एक माणूस आला. शर्टाच्या खिशात पेन्सिल, पाठीमागे उभी कपाटाची दारं. मी तोंड पुसत "हं, बोल" म्हटलं.

"हात तोंडापुढून काढ," तो म्हणाला. आवाज जरा जाड होता, शब्दांच्या कडा मऊ झालेल्या. "आणि हळू बोल. मला ऐकू येत नाही. मी ओठ वाचतो."

मी हात खाली घेतला.

सोळाव्या वर्षी तापात त्याचे कान गेले. पाच वर्षं मी या माणसाला फोन उचलत नाही म्हणून शिष्ट म्हणत होते.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस, फोनवर का येत नाहीस. मी म्हटलं, आवडत नाही. खोटं काय होतं त्यात?" तो हसला. "तुझे दात छान आहेत. वाचायला सोपे."

एवढी मोठी दाद मला आजवर कुणी दिली नाही. मी लाजले, आणि लाजताना हात परत तोंडापुढे नेला, आणि परत बोलणी खाल्ली.

"आठ वर्षं मला वाटायचं, नावाडी काहीतरी चघळतोय," तो म्हणाला. "बाकीचे बोलतात ते खाली लिहून येतं. त्याचं येत नाही. जबडा केला तेव्हा कळलं की हा बोलतोय. पण काय, ते कळेना. जीभ त्या पट्टीमागे लपायची. मग तू दात बसवलेस." त्याने ओठ नीट उघडून, एकेक अक्षर दाखवत म्हटलं, "थांबलो होतो तुझ्यासाठी. त्या दिवशी मी चाळीस फेऱ्या मारल्या त्याच्या बोटीतून."

मी ते वाक्य बटण दाबून मारत होते.

"ऐकायला मी आयुष्यभर पैसे भरत आलोय," तो म्हणाला. "कानातली यंत्रं, त्यांचे सेल, नवी यंत्रं. चाललं एकही नाही. म्हणून ठरवलं, या गावात तरी कुणाचं बोलणं कळायला पैसे पडू द्यायचे नाहीत."

"आणि मी? मी चौदा महिने राबले ते?"

"तुझं बरोबर आहे."

"मग?"

"माझंही बरोबर आहे."

रडू येईल असं वाटत होतं आणि आलं हसू, दोघांनाही, अगदी पोटात दुखेपर्यंत. तेवढ्यात आत्या डबा घेऊन आली, पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "याचा वरचा डावा कुणी केलाय?"

बिजागरीने आज्ञाधारकपणे आ वासला.

"घाईत केलाय. ठसा पाठव, मी नवा करते." मग घास चावता चावता तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तू सोन्याचे दात वीक की. सोन्याच्या दाताने कुणाला जास्त बोलता येत नाही, चावता येत नाही. चाळीस वर्षांत गरज म्हणून कुणी मागितला नाही माझ्याकडे, आणि भाव कमी करा असंही कुणी म्हणालं नाही."

"सोन्याचा दातसुद्धा जबड्यावरच बसणार," मी म्हटलं. "लगेच निखळेल."

बिजागरीने तिचे ओठ वाचले, माझे वाचले. "विचार करतो," म्हणाला आणि पडदा बंद झाला.

त्याच दुपारी मी किंमत काढून टाकली. अर्ध्या कट्ट्याने मला भित्री म्हटलं, अर्ध्याने देवी म्हटलं, दोन्हींचा सारखाच राग आला. दात हवेतच होते. ते परत बसवणं आता बिजागरीच्या हातात होतं. मंगळवारी सकाळी त्याचं काही आलं नाही. बुधवारीही नाही. मी उजव्या बाजूची दाढ डावीकडची करून ठेवली आणि आत्या चक्क काही बोलली नाही, तेव्हा मला फारच भीती वाटली. दात गेले तर गेले. पण सकाळचं ते एका ओळीचं लिहिणं गेलं तर मी कुणाला काय दाखवू?

गुरुवारी लॅब उघडायच्या आधी मी गेम सुरू केला. सहज म्हणून आवाज पूर्ण बंद केला. टपालाची पिशवी घेऊन तिसऱ्या धक्क्यावर गेले. बोट लागलेली होती. नावाड्याच्या दातांचा हवेत कुठे पत्ता नव्हता. ते त्याच्या तोंडात होते, आणि खालचा डावा, मी झिजवलेला, सोन्याचा केलेला होता. ओबडधोबड, चुकीच्या उंचीचा, सुताराने केलेला सोन्याचा दात. पडद्याच्या कोपऱ्यात बिजागरीची एक ओळ होती: "फाइलीत चौथी ओळ घातली. सोनं चालेल. नमुना वाईट आहे, तू नीट कर."

नावाडी माझ्याकडे वळला. मी बटणावरून बोट काढलं. त्याचे ओठ मिटले, उघडले, जीभ दातांमागे टेकली, सोनं चमकलं, आणि मी पहिल्यांदाच, कान न वापरता, त्याचं सगळं वाक्य शेवटपर्यंत वाचलं.