गणूच्या खात्यातून

जासईच्या एका कंटेनर यार्डात क्रेनची साखळी तुटली आणि चंद्रावतीचा नवरा जागच्या जागी गेला. मालकांनी सांगितलं, तो स्वतःच भाराखाली जाऊन उभा राहिला. पण आदल्याच दिवशी त्याच्या जोडीला काम करणाऱ्या गणूने त्या झिजलेल्या साखळीचा व्हिडिओ काढला होता. त्यात गणूचा आवाज होता, "सायब, ही तुटंल." आणि सुपरवायझरचं उत्तरही होतं, "आजचा दिवस चालव."

कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ दोन तासांत नाहीसा झाला. ग्रुपचा अॅडमिन सुपरवायझरचाच माणूस होता. तेव्हा पनवेलच्या युनियन ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या झेबाने ठरवलं, यापुढे पुरावे दुसऱ्याच्या दारात ठेवायचे नाहीत. आपलाच सर्व्हर उभा करायचा.

ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर तिने पुसून रिकामा केला. कोणी उचलून नेला तरी आतलं अक्षर वाचता येऊ नये म्हणून डिस्कला पासवर्डचं कुलूप घातलं. चंद्रावती, तिचा यार्डाविरुद्धचा खटला लढवणारे वकील आणि गणू, तिघांना वेगवेगळी खाती दिली. गणूने आपल्या फोनमधला व्हिडिओ त्यावर चढवला आणि तो बाकी दोघांच्या फोनवर आपोआप उतरला. दर शुक्रवारी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन झेबा ती घरी नेत असे. हे मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"आता कोणी हात लावू शकणार नाही," ती चंद्रावतीला म्हणाली.

कोर्टाच्या तारखेला आठ दिवस उरले असताना भर दुपारी चंद्रावतीचा फोन आला. "ताई, तो व्हिडिओ दिसत नाय."

झेबाने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. बाहेरचं कोणी शिरलं नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी गणूच्या खात्यातून फाइल काढून टाकली गेली होती, मागोमाग कचरापेटीही रिकामी केली होती. आणि सर्व्हरने नेमून दिल्याप्रमाणे ती फाइल सगळ्यांच्या फोनवरून पुसली होती.

संध्याकाळी गणू आपणहून आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"मीच काडून टाकला. माजा भाव त्याच यार्डात हाय. परवा त्याला एकट्याला क्रेनखाली हुबा केला आनि मना बोलले, बग." त्याने तोंडावरून हात फिरवला. "झेबाताई, आता तो कुटं नाय ना?"

झेबाच्या डोळ्यांसमोर घरातली डिस्क आली.

"नाही," ती म्हणाली.

गणू निघून गेला.

दोन दिवस झेबाला घास गोड लागला नाही. तिने वकिलांना विचारलं, व्हिडिओतला गणूचा आवाज काढून टाकला तर चालेल का? ते म्हणाले, "मग उरतं काय? आवाजच तर पुरावा आहे." तिसऱ्या दिवशी चंद्रावती आली आणि काही न मागता बाकावर बसून राहिली. तासाभराने झेबा उठली, घरी जाऊन डिस्क घेऊन आली.

व्हिडिओ कोर्टात चालला. चूक यार्डाची, असा निकाल चंद्रावतीच्या बाजूने लागला.

पण गणूने झेबाच्या शब्दावर विसंबून यार्डात सांगितलं होतं, व्हिडिओ आता कुठेच नाही. त्याने फसवलं असंच तिथे धरलं गेलं. दोघा भावांना गेटवरूनच परत पाठवलं. भावाला रस्त्यात कोणीतरी गाठलं. त्याचा हात दोन ठिकाणी मोडला.

झेबा दवाखान्यात भेटायला गेली, तेव्हा गणू व्हरांड्यात होता.

"तुमी बोललात, कुटं नाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

"मी खोटं बोलले, गणूदादा. चंद्रावतीसाठी."

"वयनीसाठी मीबी दिला असता. मना इचारायचा तरी होता. भावाला आधी गावाला धाडला असता."

त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला. चंद्रावती दोनदा गव्हाणला त्याच्या घरी जाऊन आली. दोन्ही वेळा त्याच्या आईने दार उघडलं, तिला ओळखलं, आणि आत या म्हटलं नाही.