शेकोटीतलं देवघर

मित्रांनो, मी देवासचा एक जुना बंगला आहे. अंगाने लाल विटांचा, मनाने जरा स्वप्नाळू. संस्थानच्या काळात एका इंग्रज इंजिनियरसाहेबाने मला बांधलं. माती इथल्याच तळ्याची, पण नकाशा त्याच्या खेड्यातल्या घराचा. बर्फ घसरून पडावा म्हणून त्याने मला चांगलं उतरतं छप्पर दिलं. आता देवासात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर! तरी थंडीत धुकं उतरलं की माझे डोळे मिटतात आणि वाटतं, आज पडेल.

साहेब मायदेशी गेला आणि संस्थानातले एक अंमलदार, शरच्चंद्रराव, राहायला आले. बैठकीत, धुराड्याखाली भिंतीतली शेकोटी पाहून ते खूश झाले. “साहेबाने देवघर झकास काढलंय!” म्हणाले आणि तिथे देव मांडले. मला आधी हसू आलं, मग तेच आवडायला लागलं. तेव्हापासून उदबत्तीचा धूर धुराड्यातून थेट आभाळात जातो. असं देवघर आहे का कुणाकडे?

पुढे घरचे माझ्याकडे लक्ष देईनासे झाले. विटांना लोणा लागला, कौलं सरकली. शरच्चंद्ररावांच्या नातवाने, अजेयने, मला पाडायला बिल्डरला द्यायचं ठरवलं. गौरी गेल्या की सौदा पक्का होणार होता. मला फार वाईट वाटलं.

गौरी आल्या. अजेयची बायको मेधा गौरीचा मुखवटा घेऊन कुंकवाच्या पावलांवरून निघाली. गौरीला सगळं घर दाखवायची रीत आहे.

“गौर आली, कशाच्या पावली?” मागून लेक चिऊ ताटली वाजवत विचारी.

“सोन्याच्या पावली,” मेधा म्हणे. शेकोटीतल्या देवांपुढे तिने मुखवटा जरा जास्तच वेळ धरला.

तिसऱ्या दिवशी निरोप होता. ‘पुढच्या वर्षी परत ये’ म्हणून अक्षता वाहायच्या असतात. अजेयने त्या हातात घेतल्या आणि तो तसाच थांबला.

“काय झालं?” मेधाने विचारलं.

“परत ये म्हणू, पण कुठे?”

“इथेच ना, पप्पा,” चिऊ म्हणाली. “उनको तो रास्ता पता है.”

अक्षता मुठीत तशाच धरून अजेय व्हरांड्यात गेला. त्याने बिल्डरला फोन लावला. “भिया, सौदा रहने दो. अपने को नहीं बेचना.” मग आत येऊन त्याने अक्षता वाहिल्या.

मित्रांनो, जुन्या घराचे लाड फार नसतात. सरकलेलं कौल नीट बसवा, येताजाता भिंतीवरून हात फिरवा, एवढंच.

मी आता दोघांची वाट पाहतो, बर्फाची आणि गौरींची. बर्फाचं काही सांगता येत नाही. गौरींना रस्ता ठाऊक आहे.