आबांच्या हाताला कळलेला भाता

बाण सोडताना चैताली डोळे मिटते, हे तिच्या आईला, गायत्रीला दिसलं ते सोमवारी, घराच्या गच्चीवर. त्या दिवशी लिंबायत वस्तीतले कापडाचे यंत्रमाग बंद होते, म्हणून भात्याची खडखड पहिल्यांदा नीट ऐकू आली.

चैतालीच्या डाव्या पायात अधू पायाला आधार देणारा पट्ट्यांचा बूट. कमरेला भाता लावला की तो बुटात अडकायचा, म्हणून धनुष्यालाच बांधायचा घेतला. पण आता बाण सुटला की भाता खडखडे आणि अकरा वर्षांची पोर दचके. घेताना दुकानात तर तो अगदी मुका होता! असणारच. दुकानाच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. तिथं ढोल वाजला असता तरी कळलं नसतं. बी.कॉम. झालेल्या आपल्याला एवढं सुचू नये?

रविवारी तिरंदाजीच्या जिल्हा संघाची निवड. ‘आई, मी नाही जात,’ असं पोर दोनदा म्हणाली होती.

शनिवारी गायत्री लेकीला घेऊन भाता बदलायला निघाली, तर नवरा पाळीवर. सोबत सासरे आले, शालिग्रामआबा. तीस वर्षं माग चालवून कान गेलेले. आवाज न करणारी वस्तू निवडायला बहिरा माणूस! असं मनात आलं आणि ती स्वतःशीच ओशाळली.

दुकानात तीच धडधड.

“बेन, आ जुओ, एकदम सायलेंट!” एक भाता पुढं करत दुकानदार हेमराजभाई ओरडले.

“सायलेंट आहे हे ओरडून सांगताय, भाऊ!”

आबा हसले, काय बोलणं झालं ते न कळताच. मग चैतालीला मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथं नेमासाठी पेंढ्याचं पोतं टांगलेलं. धनुष्य धरलेल्या तिच्या मुठीवर त्यांनी आपली मूठ ठेवली.

“सोड, बेटा.”

पहिला भाता चामड्याचा, पितळी बकलाचा, देखणा. बाण सुटला, आवाज धडधडीत बुडाला, तरी मुठीतल्या थरथरीनं चैतालीचे डोळे मिटले. आबांनी नकारार्थी मान हलवली. “हाई बोलस.” म्हणजे हा वाजतो.

“काका, तमने संभळाय छे?” यांना ऐकू येतं की काय, म्हणून हेमराजभाईंनी विचारलं.

“कानाले नही,” गायत्रीनं हातवारे करून प्रश्न समजावल्यावर आबा म्हणाले, “हातले. मागाचा कोणता बोल्ट ढिला, ते मला हातच सांगे.”

दुसराही बोलला. तिसरा साधा, दोन रबरी पट्ट्यांचा. आबांनी त्यातल्या पाच बाणांपैकी दोन काढले, पिसं एकमेकांना घासत होती. पट्टीखाली खिशातली चिंधी सारली, मागावर सारत तशी.

“आता सोड.”

गायत्रीनं पोत्याकडे पाहिलंच नाही. ती लेकीच्या पापण्यांकडे बघत होती. दोरी सुटली. पापणी हलली नाही.

“पुन्हा,” चैताली स्वतःच म्हणाली.

पुन्हाही नाही.

“लाग्युं?” नेम लागला का, म्हणून हेमराजभाई ओरडले.

“काय माहीत!” गायत्री म्हणाली. “हाच बांधून द्या, भाऊ. आणि ती चिंधी तशीच राहू द्या.”