तळहात कोरडा निघेल तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. एका पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्री पांघरून, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. जुनी म्हटले की तुम्हाला वाटेल, हिने किती दुनिया पाहिली असेल! कसली दुनिया आणि कसले काय. माझ्या काट्यावर एक लाखाहून जास्त किलोमीटर पडले आहेत, पण ते सगळे एकाच रस्त्याचे. घर ते पूल आणि पूल ते घर. घाण्याचा बैल कितीही चालला तरी त्याचे गाव बदलत नाही. माझेही तसेच झाले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका दिवसात आम्ही चाळीस बहिणी तयार झालो. माझ्या वाट्याला गडद निळी टाकी आली. दुकानात काचेआड उभी असताना लोक येत, माझे इंजिन विचारत, वेग विचारत. माझ्या मालकांनी यातले काहीच विचारले नाही. त्यांनी टाकीच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रंग बरा बसलाय. सुक्या हवेत मारलाय." दुकानदार हसला. मालक हसले नाहीत, कारण ते रंगारी होते. नदीवरचा लोखंडी पूल रंगवणे हे त्यांचे काम होते.

मालकीणबाई तेव्हाच माझ्या मागच्या सीटवर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "हिच्यावरून आधी नदीच्या टोकाला जायचं. तुम्ही इतकी वर्षं पूल रंगवताय. खालचं पाणी शेवटी समुद्राला कसं मिळतं, ते मला एकदा बघायचंय."

"जाऊ की," मालक म्हणाले. "चांगली हवा आणि सुट्टी एका दिवशी पडू दे."

हे वाक्य मी त्या दिवशी फारसे मनावर घेतले नाही. आता वाटते, घ्यायला हवे होते.

पुलाच्या कामाची गंमत तुम्हाला सांगते. पूल एवढा लांब होता की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगवत जायला सात वर्षे लागत. तोवर पहिले टोक पुन्हा गंजलेले असे. आणि ओल्या लोखंडावर रंग धरत नाही. त्यावर फुगे येतात, वर्षभरात पापुद्रे सुटतात. त्यामुळे कोरडा दिवस म्हणजे काम आणि ओला दिवस म्हणजे सुट्टी. हवा फिरायला चांगली असली की मालक पुलावर, आणि मालक मोकळे असले की बाहेर धो धो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! सुट्टीच्या दिवशी मालक मला आत घेत, जुन्या सुती कापडाने पुसत आणि साखळीला तेल देत. चाकाच्या तारांत चिखलाचा कण राहू देत नसत. खोटे कशाला बोलू, मला ते लाड आवडत. मालकीणबाई दारात उभ्या राहून पाऊस बघत.

सकाळी पुलावर पोहोचल्यावर मालक सगळ्यात आधी एक काम करत. कठड्यावर तळहात टेकवत, मनात दहापर्यंत मोजत आणि हात उलटा करून बघत. तळहात कोरडा निघाला तर काम सुरू, ओला निघाला तर थांबायचे. त्यांचा हात कधी चुकत नसे. म्हणून सगळी टोळी त्यांना 'हवामान खातं' म्हणे. मुकादम रोज खालून ओरडत, "काय म्हणतंय आपलं हवामान खातं?" आणि मग सगळे हसत.

तेव्हा माझी मागची सीट रिकामी नसे. मालकांचा एक जोडीदार होता. गप्पिष्ट माणूस, वाटभर शिट्टी वाजवायचा. दोघे एकाच टांगत्या फळीवर बसून एकच तुळई रंगवत. एका वर्षी सलग आठ दिवस धुके आणि झिमझिम होती. काम बंद पडले होते, माणसे बसून वैतागली होती. नवव्या दिवशी जरा उघडले. मी पुलाच्या चौकीदाराच्या खोपटाजवळ उभी होते, त्यामुळे मला सगळे दिसले. मालकांनी कठड्यावर हात टेकवला, उलटा करून पाहिला. मग तो हात हळूच पँटला पुसला.

मुकादम ओरडले, "काय म्हणतंय हवामान खातं?"

"चालतंय!" मालक म्हणाले.

जोडीदार शिट्टी वाजवत वर चढला. एका तुळईवरून दुसरीवर जाताना कमरेचा पट्टा सोडून पुन्हा अडकवावा लागतो. तेवढ्या वेळात त्याचा पाय सरकला. खाली त्या जागी पाणी नव्हते, खडक होते.

संध्याकाळी मालक मला घरी घेऊन आले तेव्हा जोडीदाराचे हेल्मेट माझ्या हँडलला लटकत होते आणि प्रत्येक खड्ड्याला टाकीवर आपटत होते. मालकांनी ते काढून हातात घेतले नाही, की घट्ट बांधलेही नाही. हात पँटला पुसल्याचे कुणालाच कळले नाही. ते त्यांना ठाऊक होते आणि मला ठाऊक होते. त्यानंतर त्यांनी माझ्या मागच्या सीटवर ओल्या रस्त्यावर कुणालाही बसवले नाही. स्वतःच्या मुलीलासुद्धा शाळेतून भर पावसात पायी आणले, मला शाळेच्या चौकीदाराकडे ठेवून.

वर्षे गेली. मुलगी मोठी झाली, दवाखान्यात परिचारिका झाली. मालकांचे गुडघे बोलू लागले आणि एक दिवस ते निवृत्त झाले. टोळीने त्यांना भेट म्हणून दोन रेनकोट दिले, एक मोठा आणि एक लहान. मुकादम म्हणाले, "आता हवामान खातं बंद! आता ऊन असो, पाऊस असो, वहिनींना घेऊन हिंडा."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटले, आता सगळे कोरडे दिवस आपले. मालकीणबाईंनी तर त्याच आठवड्यात थर्मास घासून ठेवला आणि डोक्याला बांधायचा पिवळा रुमाल खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अंगणात आले. त्यांनी माझ्या टाकीवर तळहात टेकवला, दहापर्यंत मोजले आणि हात उलटा करून पाहिला. "दव आहे. आज नको," ते म्हणाले.

मित्रांनो, तेव्हापासून रोज हेच. अंगणात उभ्या असलेल्या लोखंडावर पहाटे थोडीफार ओल असणारच. वर्षातले काही दिवस नसते, पण त्या दिवशी दुसरे काही निघे. कधी वारा जास्त, कधी ऊन इतके की मालकीणबाईंना घेरी येईल. थंडीत मालकांचे गुडघे धरत आणि किक मारता येत नसे. पावसाळा तर बोलायलाच नको. आधी कामामुळे कोरडे दिवस मिळत नव्हते, आता भीतीमुळे मिळेनात. आठवड्यातून एकदा ते मला अंगणातच चालू करत, पाच मिनिटे तसेच ठेवत आणि बंद करत. मेकॅनिक एकदा म्हणाला, "काका, गाडी अगदी नव्यासारखी ठेवलीत हो! वापरता की नुसती बघता?" मालकांना ते कौतुकच वाटले.

मालकीणबाई कधीतरी म्हणत, "अहो, आपण काय मिठाचे आहोत विरघळायला?" पण त्या हट्ट करत नसत. जोडीदार पडला त्या दिवशी त्याच्या बायकोला त्यांनीच धरून ठेवले होते. त्या पुन्हा रुमाल खुंटीला अडकवत आणि स्वयंपाकाला लागत.

तिसऱ्या वर्षी एकदा मात्र आम्ही निघालो. हात जवळजवळ कोरडा निघाला होता. मालकीणबाई मागे बसल्या तेव्हा त्यांचे वजन मला एखाद्या शाळकरी मुलीएवढे वाटले, इतक्या त्या वाळल्या होत्या. अकरा किलोमीटर आम्ही मजेत गेलो. पुलावर आलो आणि नदीवरून धुके वर येऊ लागले. मालकांनी मला पुलाच्या मध्यावर थांबवले, उतरले आणि कठड्यावर हात टेकवला.

मालकीणबाईंनीही शेजारी आपला हात ठेवला. "हा तुमचा रंग?"

"हो. खाली अजून तीन थर आहेत."

"छान बसलाय. चला आता पुढे. दोन तासांत समुद्र."

"लोखंड ओलं आहे गं."

"आपण लोखंडावरून कुठे जाणार आहोत? रस्त्यावरून जाणार ना?"

मालक हसले. मला वाटले, आता निघणार. पण त्यांनी हात उलटा करून पाहिला. त्यांनी मला वळवले. घरी उतरताना मालकीणबाई एवढेच म्हणाल्या, "पुलापर्यंत तरी जाऊन आले." या वाक्यात राग असता तर मला बरे वाटले असते. राग नव्हता.

त्या हिवाळ्यात मालकीणबाईंच्या हृदयाने दगा दिला. मुलगी दवाखान्यातून रजा घेऊन आली. खिडकीशी खाट लावली, तिथून मी दिसत असे. एका सकाळी मालक सवयीने बाहेर आले. टाकीवर हात टेकवला, उलटा केला. हात कोरडा होता. वारा नव्हता, आभाळ निरभ्र होते, ऊन कोवळे होते. अशी हवा मी सगळ्या आयुष्यात पाचसहा वेळाच पाहिली असेल. मालक खिडकीशी गेले आणि म्हणाले, "अगं, आज हात कोरडा आहे."

आतून बारीक आवाज आला, "मग तुम्ही जाऊन या. आल्यावर मला सांगा कसं आहे ते."

मालक गेले नाहीत. त्यानंतर मालकीणबाई अकरा दिवस जगल्या. त्या अकराही दिवसांत मालकांचा हात रोज कोरडा निघाला.

पुढे त्यांनी मला शेडमध्ये घातले आणि ताडपत्री टाकली. दर आठवड्याची पाच मिनिटे बंद झाली. टायर बसले, साखळी गंजली, आरसा आंधळा झाला. कापड हातात घेऊन कुणी आले नाही. मी तक्रार करत नाही. माझी काळजी घेण्यात एका बाईची एकुलती एक इच्छा राहून गेली, हे मला त्या शेडमध्ये हळूहळू कळले आणि माझ्या चकाकीची मलाच लाज वाटली.

एका पावसाळी दुपारी मालक शेडमध्ये आले. छत्री नव्हती, ते ओलेचिंब झाले होते. त्यांनी ताडपत्री बाजूला केली आणि माझ्या मागच्या सीटवर ओला हात ठेवला. म्हणाले, "तिला भिजायचं होतं. भिजू द्यायला हवं होतं. जोडीदार पडला तो ओलीमुळे नाही, मी खोटं बोललो म्हणून. त्याची शिक्षा मी तिला दिली." हे ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हते. पुढच्या हिवाळ्यात तेही गेले.

आता मी त्यांच्या मुलीची आहे. गुणी पोर आहे. नदीचे टोक आपण आईसाठी बघून यायचे, असे तिने ठरवले आहे. पण तिची रजा आठवड्यातून एकच दिवस, आणि त्या दिवशी हवा जमून येत नाही. गेल्या रविवारी ती शेडमध्ये आली, ताडपत्री उचलली आणि माझ्या टाकीवर तळहात टेकवला. मनातल्या मनात दहापर्यंत मोजताना तिचे ओठ हलत होते. मग तिने हात उलटा करून पाहिला. तो जरासा दमट होता.

"आज नको," ती म्हणाली. "निवृत्त झाले की निवांत जाईन."

मित्रांनो, मला बोलता येत नाही, म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. तिचा दवाखाना नदीकाठच्या रस्त्यावर आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर तिला तिच्या बाबांचे त्या पावसाळी दुपारचे बोलणे सांगा. तिला सांगा, प्लग साफ करून चोक ओढला आणि हवा भरली, तर मी अजूनही पाचव्यासहाव्या किकला चालू होईन. आणि शेडच्या फळीवर, डाव्या बाजूला, दोन रेनकोट आहेत. एक मोठा, एक लहान. लहान तिला बरोबर बसेल. त्याची घडीसुद्धा कुणी मोडलेली नाही.