कॅमेऱ्याची पतंग

गेल्या जानेवारीतली, २००८ची गोष्ट. गावामागच्या टेकडीवरच्या किल्ल्याला बाहेरून अजून एक तट आहे, असं मी वर्गात म्हटलं आणि अख्खी नववी हसली. मागच्या उतारावर बोरं वेचताना माझ्या पायाला घडीव दगड लागले होते हो! इतिहासाचे हरिदास सर तेवढे हसले नाहीत. शाळेने काढलेला किल्ल्याचा नकाशा मंगळवारी वर्ध्याच्या प्रदर्शनात जाणार होता, आणि त्यावर एकच तट होता.

"काट्याकुट्यात खालून काय समजन, पोरी? वरून दाखव. सोमवारपर्यंत थांबतो."

वरून! हेलिकॉप्टर कुठून आणू? पण भूपेंद्रमामाचा हिंगणघाटला फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या डिजिटल कॅमेऱ्यात व्हिडिओ निघतो. लाडीगोडी लावून तो आणला. मी आणि माझ्या मैत्रिणीने, समीक्षाने, प्लास्टिकची, माझ्याहून उंच पतंग केली. कॅमेऱ्याला स्पंज गुंडाळला आणि तोंड खाली करून पतंगीजवळच धाग्याला टांगला.

रविवारी काय वारा होता! बटण दाबलं, पतंग सोडली. गेली, गेली, बुरुजाच्याही वर गेली! समीक्षा तर नाचायलाच लागली.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही डोक्यात आली नाही. बोटं कापू नयेत म्हणून आम्ही बिनमांज्याचा धागा घेतला होता, आणि संक्रांत तोंडावर होती. या दिवसांत आमच्या गावात आभाळात पतंग दिसली की कापायचीच, कुणाचीही असो.

खालून आमच्या वर्गातल्या रोशनची लाल पतंग सरसरत आली.

"रोशन, कापू नको! कॅमेरा हाय त्याले!"

"हो ना, अन् माह्या पतंगीले टीव्ही हाय!"

आणि लगेच, "ओ काट!"

माझ्या हातातला धागा ढिला पडला. पतंग हेलकावे खात मागच्या उतारावरून, जिथे आमचा धागा पुरलाच नसता तिथून, खाली देवकाबाईच्या तुरीत गेली. आम्ही जीव तोडून पळालो. पोहोचलो तर रोशन आधीच पतंग धरून उभा.

"ज्यानं लुटली त्याची," तो म्हणाला. मग त्याला स्पंज दिसला. "अबे, खराच कॅमेरा हाय! मले वाटलं थापा मारून राह्यली. पळताना तुले लागलं तर नाई?"

"मले काऊन लागन? पतंग ठेव तुले, कॅमेरा आण इकडे!"

कॅमेरा चालूच होता! व्हिडिओ पहिल्यापासून सुरू करून तिघांनी त्या इवल्याशा पडद्याला डोकी लावली. आधी आमची डोकी, मग गरगर फिरणारी टेकडी, आणि मग मागचा उतार. झुडपांमधून एक फिकट रेघ वळत गेलेली, मध्ये बुरुजाचा गोल फुगवटा!

"समी, तट! तट!" मी इतकी ओरडले की देवकाबाई विळा घेऊन धावत आली.

सोमवारी सरांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग नकाशा पसरला आणि पेन माझ्याच हातात दिलं.

"काढ."

मी काढला. अख्ख्या वर्गासमोर!

रोशन मात्र गावभर सांगून राह्यला की दुसरा तट त्यानंच शोधला. त्याने कापली नसती तर तो दिसलाच नसता, हे खरं आहे. पण त्याच्यासमोर हे कबूल करणार कोण!