चार मिनिटांचा फोन

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर आलं नाही म्हणून ते मनाने लिहिणाऱ्या पोरींचे कान उपटले. आणि साठी उलटल्यावर, महाराज बाडा चौकाजवळच्या सभागृहात, दीडशे माणसांसमोर मी स्वतःच एक उत्तर मनाने लिहिलं.

गणपतीत आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाचा 'आपबीती' नावाचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. तालमी घ्यायला गुरुप्रसाद होता, जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला असलेला, हातात सदा कागद गुंडाळलेला पोरगा. मी माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची गोष्ट लिहून नेली होती. चार वर्षांपूर्वी कोरोनाच्या लाटेत ती इस्पितळात गेली. आत कोणाला सोडत नव्हते. रोज फोनवर बोलायची, आणि एक दिवस सकाळी फोन आला नाही. एवढीच गोष्ट होती.

"काकू, मस्त लिहिलंय," गुरुप्रसाद म्हणाला, "पण शेवट नाही बन रहा. लोकांच्या हाती काय लागलं? शेवटचं काय बोलल्या त्या तुमच्याशी?"

"नाही आठवत."

"असं कसं? कुछ तो बोली होंगी. छोटंसं, घरातलं. तेच लोकांना लागतं, काकू."

हा पोरगा मला शिकवणार! पण घरी येऊन मी वही उघडली.

खरं काय झालं होतं ते मला पक्कं माहीत होतं. ती गेली त्याच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला होता. दहा दिवस रोज तिचा खोकला आणि रडणं ऐकून माझा जीव मेटाकुटीला आला होता. ताट वाढून नुकतीच बसले होते. पडद्यावर 'सुनंदा' हे नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला. म्हटलं, दोन घास खाऊन घेते, मग करते. जेवल्यावर मला डुलकी लागली. संध्याकाळी केला तेव्हा तिने उचलला नाही.

हे काय लोकांना सांगायचं? मी लिहिलं की मी फोन उचलला. चार मिनिटं बोललो. तिने विचारलं, "ताई, जेवायला काय केलंयस?" मी म्हटलं, आमसुलाचं सार आणि भात. ती म्हणाली, "माझ्यासाठी ठेव थोडं. आणि प्रांजलीला सांग, आई रागावलेली नाही." प्रांजली म्हणजे तिची मुलगी; मायलेकींची सदा कुरबुर चालायची.

सभागृहात बायका पदर तोंडाला लावून रडल्या. गुरुप्रसादने व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. अनोळखी लोक रस्त्यात हात धरून माझ्याशी बोलायला लागले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तीन दिवस बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी ताट घेऊन बसले आणि स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदा म्हणाली, "माझ्यासाठी ठेव थोडं."

आवाज तिचाच होता. 'थोडं' म्हणताना जरा लांबवायची, तसाच. मी वळून पाहिलं. अर्थातच कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने आयुष्यात कधी न उच्चारलेलं वाक्य ती आता रोज माझ्या घरात म्हणत होती. आणि तो न उचललेला फोन आला त्याच्या आदल्या दिवशी ती खरोखर काय बोलली होती, ते आठवायला जावं तर हेच वाक्य पुढे यायचं. मला भीती वाटायला लागली. मी एका वाटीत वेगळं काढून ठेवायला लागले. संध्याकाळी ते तसंच असायचं, आणि मी ते ओतून टाकायचे.

ठरवलं, अविधवा नवमीला रमाकांतरावांच्या घरी सगळं कबूल करायचं. रमाकांतराव म्हणजे सुनंदाचे यजमान, हरिशंकरपुरममध्ये राहतात. नवरा असताना गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या या नवमीला सवाष्ण जेवायला बोलावतात. गेलेलीच्या आवडीचं रांधायचं आणि सवाष्णीला तीच समजून वाढायचं. प्रांजली नोकरीतून सुट्टी काढून इंदूरहून आली होती. सवाष्ण म्हणून खासगी बाजार मोहल्ल्यातल्या विजयाबाई होत्या, सुनंदाच्याच वयाच्या.

मी वाढलेलं पान पाहिलं. खीर, वडे, भाज्या सगळं होतं, आणि उजव्या हाताला भरलेली मोठी वाटी. आमसुलाचं सार.

"आईने मागितलं होतं न," प्रांजली म्हणाली. "मी स्वतः बनवलं, मावशी. पहिल्यांदा."

विजयाबाईंनी वाटी तोंडाला लावली. प्रांजली त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती. "अजून घ्या न," ती म्हणाली. विजयाबाईंनी दुसऱ्यांदा घेतलं. मला तिथे बसवेना.

ओटी घेऊन विजयाबाई गेल्या. प्रांजली भांडी आवरायला लागली तेव्हा मी तिच्यामागे गेले. म्हटलं, "बाळ, मला तुला काही सांगायचंय."

"पहले मैं, मावशी." तिचे हात साबणाने भरलेले होते. "त्या दिवशी आईने मला पण फोन लावला होता. माझी ऑनलाइन परीक्षा चालू होती, मी काटला. चार वर्षं मला असंच लागत होतं की ती कोणाशीच न बोलता गेली, मेरी वजह से. मी कोणाला नाही सांगितलं, बाबांना पण नाही. मग तुमचा व्हिडिओ पाहिला. तुमच्याशी तर बोलली न ती! आणि म्हणाली की रागावली नाहीये. पंधरा दिवस झाले, मी नीट झोपून राहिलेय." तिने ओल्या हातांनीच मला मिठी मारली. "तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "सार छान झालं होतं."

बाहेरच्या खोलीत रमाकांतराव खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "सुनंदा आमसुलाला हात लावायची नाही, ताई. लगेच घसा धरायचा तिचा. घरात कधी केलंच नाही, म्हणून पोरीला ठाऊक नाही; पण बहिणीला आठवू नये हे?"

मी समोर बसले.

"तिचा फोन इस्पितळाने मला परत दिला होता," ते म्हणाले. "त्यात आहे सगळं. आधी मला लावलाय. मी तिच्या इंजेक्शनच्या लायनीत होतो. खिशात वाजत होता, पण लायन सुटेल म्हणून नाही काढला. मग प्रांजलीला. मग तुम्हाला. तिघांनी नाही उचलला. प्रांजलीला मी तो फोन दाखवला नाही कधी."

"म्हणजे सभागृहात तुम्ही पहिल्या रांगेत बसून..."

"हो. तेव्हाच कळलं."

"मी जेवत होते, रमाकांतराव. मी बघितलं होतं तिचं नाव. बघून फोन..."

"ते नका सांगू मला." त्यांनी हात वर केला. "खरंच नका सांगू. माझं मला पुष्कळ आहे."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. पोरगी काहीतरी गुणगुणत होती.

"रोज सकाळी चहा घेताना मी तो व्हिडिओ लावतो," ते म्हणाले. "खोटं आहे, माहीत आहे, तरी लावतो. तुमच्याशी बोलली, पोरीसाठी निरोप दिला. माझ्यासाठी काहीच नाही त्यात. चार मिनिटांत माझं नावसुद्धा नाही. एक वाक्य घाला ना, ताई."

चाळीस वर्षं बँकेत नोकरी केलेला शहाणासुरता माणूस, लहान मुलासारखा खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता.

"ती म्हणाली," मी सुरू केलं, आणि मला काही सुचेना. मग सुचलं. "ती म्हणाली, ताई, यांना सांग, लायनीत उभं राहू नका आता. पाय दुखतात तुमचे. घरी जा."

रमाकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

"परत सांगा," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.