घागरीआधीचा फोन

नवलने मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, शर्टावरचे केळीच्या चिकाचे डाग दिसू नयेत म्हणून खांद्यावरून उपरणं ओढून घेतलं आणि पडद्यावरच्या साकाईबाईंना कमरेतून वाकून नमस्कार केला.

"आज कशावर बोलू या?" बाईंनी जपानीत, सावकाश विचारलं. "छंद? प्रवास?"

"फोन," नवल म्हणाला. "फोनचा सराव."

दोन महिन्यांतली ही त्याची अकरावी शिकवणी. पुतण्या योगराजने चोपड्याहून येऊन मोबाईलवर ॲप टाकून दिलं होतं. पंचवीस मिनिटं समोर जपानमधली बाई बसायची आणि याच्याकडून बोलणं करून घ्यायची. छप्पन्नाव्या वर्षी केळीवाल्याला हे कुठलं खूळ लागलं, असं गाव म्हणे. म्हणेना का! त्याच्यापाशी मुलाची, ललितची वही होती. वृद्धाश्रमातल्या नोकरीवर जपानला जाण्याआधी पोरगं जे जे शिकलं, ते सगळं देवनागरीत लिहून ठेवलेलं. दुखतंय का? उठवून बसवू का? पाणी देऊ का? पाणी म्हणजे मिझु. पानोपानी म्हाताऱ्यांना विचारायचे असलेच प्रश्न.

पौषात ललित तिकडेच गेला. घरी आली ती अस्थींची पेटी आणि एक पत्र. पत्र योगराजने वाचून दाखवलं, तेव्हा बायको कोकिळा विहिरीवर होती. सुटीच्या दिवशी खोलीत एकटा असताना हृदय बंद पडलं. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, म्हणून ओनो नावाच्या वरिष्ठांनी जाऊन दार उघडलं. नवलने पत्राची घडी करून ती फवारणीच्या सामानात खाली दडवली आणि तिला अर्धंच सांगितलं. झटका आला, ओनोसाहेब तिथं होते, एवढंच.

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, पितरांसाठी निखाऱ्यावर आगारीचा घास टाकायचा. ललितची ही पहिलीच घागर. कोकिळाने ती बाजारातून आणली आणि ओट्यावर उपडी घालून ठेवली. चार दिवस झाले, हात लावायला तयार नाही.

"जातांना मना पोरना तोंडमा पानी पडनं का नही, ते इचारा पहिले," ती म्हणाली होती. "कोरड्या तोंडे गया व्हई, त मी कोना नावे घागर भरू?"

तेव्हापासून पत्रातून उतरवलेला ओनोसाहेबांचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर होता.

साकाईबाईंनी हसत हसत पेन्सिल फोनसारखी कानाशी धरली. "मी ओनो. बोला."

"मी ललितचा बाप," नवलने सुरुवात केली. हे त्याला पाठ होतं. "भारतातून बोलतो. तुम्ही दार उघडलं. माझा मुलगा तेव्हा... जिवंत होता का? त्याला पाणी कोणी दिलं का?"

बाईंचं हसू विरलं. पेन्सिल खाली आली.

"हा फोन खराच करायचा आहे?"

नवलने मान डोलावली. "आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. त्याची आई..." पुढचे शब्द वहीत नव्हते. त्याने हाताने घागरीचा आकार करून दाखवला, मग तो हातही मांडीवर पडला.



"आमच्याकडेही ओठ ओले करतात," बाई म्हणाल्या. मग ताठ बसल्या, पेन्सिल पुन्हा कानाशी धरली आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या, "होय. मी पाणी दिलं. ललितसान प्यायले. मी जवळ होतो."

नवलला प्रत्येक शब्द समजला. अकरा शिकवण्यांत पहिल्यांदाच त्याला वहीत बघावं लागलं नाही. हा सराव आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो एवढा दांडगा माणूस उपरण्यात तोंड खुपसून रडला. बाई थांबल्या. वेळ संपत आली तेव्हा त्याने आभार मानले, एकदा मानून पुरेना म्हणून दुसऱ्यांदा मानले.

पडदा काळा झाल्यावर त्याने वहीचा पुठ्ठा समोर धरून नंबर दाबायला घेतला. एकच आकडा उरला तेव्हा अंगठा थांबला. दार दुसऱ्या दिवशी उघडलं, हे पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं. ते पुन्हा ऐकून काय करायचं होतं? त्याने एकेक करून सगळे आकडे पुसले.

कोकिळा उंबऱ्याशी उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"लागना का फोन?"

"हा, लागना."

"काय म्हने?"

"पानी दिधं म्हने. पिना तो. जवळ व्हता म्हने."

तिने चौकट धरली. 

"आवाज त बाईना व्हता," ती म्हणाली.

नवलने वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली.  कोकिळा त्याच्याकडे बघत राहिली, त्याच्या ओल्या उपरण्याकडे बघत राहिली. मग ओट्यावर गेली. त्याला घागर सुलटी केल्याचा आवाज आला, पाठोपाठ हंड्यात तांब्या बुडवल्याचा.

कोरी घागर भिजायला हवी म्हणून ती पाणी ओतत होती. दुसरा तांब्या ओतताना तिने आत न बघताच सांगितलं,

"डांगर गोड देखीसन आना. त्याले फिकं आवडे नही."